मॅमोग्राफीतील रुळांसारख्या रेषा आणि २७ वर्षे राहून गेलेली साखरेची तपासणी

मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण चित्रणाच्या, अहवालाच्या शेवटून दुसऱ्या ओळीत एवढेच लिहिलेले होते: ‘दोन्ही स्तनांत रक्तवाहिन्यांचे कॅल्सिफिकेशन, स्वरूप सौम्य.’ कॅल्सिफिकेशन म्हणजे कॅल्शियम साठणे. त्या ओळीखाली बायरॅड्स (मॅमोग्राफीचे निष्कर्ष श्रेणींत मांडण्याची पद्धत) श्रेणी २ आणि पुढील मॅमोग्राफी नेहमीच्या वेळापत्रकानुसार करावी, अशी सूचना होती. ज्या ५८ वर्षांच्या स्त्रीच्या हाती हा अहवाल आला, त्यांनी तो दोन आठवड्यांच्या धास्तीनंतर वाचला. त्यामुळे त्यांची नजर ‘सौम्य’ या एका शब्दावर स्थिरावली आणि बाकीची ओळ तशीच राहून गेली. त्या राहिलेल्या ओळीचा माग येथे काढला आहे. हे प्रकरण कोणा एका विशिष्ट व्यक्तीचे नाही. अशा प्रसंगांत जे पुन्हा पुन्हा घडते, ते एका रुग्णाच्या हकिगतीत गुंफले आहे आणि तपासण्यांचे आकडे त्या हकिगतीला धरून ठेवले आहेत. संशोधनाचे जे आकडे पुढे येतात, ते मात्र प्रकाशित अभ्यासांतील आहेत.

धास्ती कशाची होती

त्या नियमित तपासणीसाठी गेल्या होत्या. गाठ, वेदना, स्राव यांपैकी कोणतीही तक्रार नव्हती. पहिल्या चित्रणात उजव्या स्तनात दोन समांतर, नागमोडी जाणाऱ्या पांढऱ्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. धमनीच्या दोन्ही कडांवर कॅल्शियम साठले आणि ती आडवी दिसली, की रेल्वेच्या रुळांसारखे हे चित्र तयार होते; तीच धमनी समोरून छेदल्यासारखी दिसली, तर लहानसे वर्तुळ दिसते. हे चित्र इतके ठळक असते, की त्याविषयी सहसा शंका उरत नाही.

अडचण डाव्या स्तनाची होती. तेथे वरच्या बाहेरच्या भागात सुमारे दीड सेंटिमीटर लांबीची, तुटक ठिपक्यांची एकच रेषा होती आणि तिची जोडीची रेषा दिसत नव्हती. धमनीचे कॅल्सिफिकेशन सुरुवातीच्या अवस्थेत असे एकाच कडेला असू शकते. पण दुग्धनलिकेतील कर्करोगाच्या आरंभीच्या अवस्थेतही बारीक, रेषेसारखे, फांद्या फुटलेले कॅल्शियमचे कण दिसतात आणि या दोहोंत गल्लत होऊ शकते. म्हणून पहिल्या अहवालावर श्रेणी ० पडली, म्हणजे ‘निष्कर्षासाठी आणखी चित्रण हवे’. श्रेणी ० हा कर्करोगाचा संशय पक्का झाल्याचा शेरा नसतो, हे त्यांना कोणी नीट सांगितले नव्हते. मोठे करून घेतलेल्या चित्रणात ती रेषा एका नळीसारख्या आकाराच्या कडेने जाते आहे, पुढे तिला जोडीची फिकट रेषा मिळते आहे आणि ही वाट धमनीचीच आहे, हे स्पष्ट झाले. चार वर्षांपूर्वीची मॅमोग्राफी शेजारी लावून पाहिल्यावर उजवीकडच्या रेषेचा अगदी पुसट आरंभ तेव्हाही होता असे आढळले. त्या वेळच्या अहवालात त्याचा उल्लेख नव्हता. उल्लेख न करणे ही तेव्हाची चूक म्हणता येणार नाही, कारण स्तनाच्या धमन्यांतील कॅल्शियम नोंदवण्याची सक्ती बायरॅड्समध्ये नाही आणि अनेक रेडिओलॉजिस्ट ते नोंदवत नाहीत.

मॅमोग्राफी एकच प्रश्न विचारण्यासाठी केली जाते: येथे कर्करोग आहे का? त्या प्रश्नाला ‘सौम्य’ हे उत्तर पूर्णपणे बरोबर होते. धमन्यांविषयी कोणी काही विचारलेलेच नव्हते, त्यामुळे त्याचे उत्तरही कोणी दिले नाही.

गोळी बंद, वाचन सुरू

अहवाल हातात आल्यावर त्यांनी एक गोष्ट स्वतःहून केली. रजोनिवृत्तीनंतर हाडांसाठी सुरू असलेली कॅल्शियमची गोळी त्यांनी बंद केली. ‘कॅल्शियम साठले आहे’ असे वाचल्यावर हा निष्कर्ष निघणे समजण्यासारखे आहे आणि अशा रुग्णांमध्ये तो वरचेवर दिसतो. तीन आठवड्यांनी रक्तदाबाच्या तपासणीसाठी त्या फिजिशियनकडे गेल्या तेव्हा ओघात विषय निघाला: ‘डॉक्टर, ती गोळी मी थांबवली आहे, चालेल ना?’ या प्रश्नामुळेच अहवाल फिजिशियनच्या टेबलावर आला. एरवी तो कपाटातच राहिला असता, असे म्हणायला हरकत नाही.

धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठण्याची क्रिया पोटात गेलेल्या कॅल्शियमच्या हिशेबाने चालत नाही. स्तनाच्या धमन्यांत जे कॅल्सिफिकेशन दिसते, ते प्रामुख्याने भिंतीच्या मधल्या थरात असते. पायांच्या धमन्यांतील याच प्रकाराचे वर्णन जर्मन विकृतिशास्त्रज्ञ योहान मोंकेबर्ग यांनी १९०३ मध्ये केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हृदयाच्या धमन्यांत चरबीच्या थराबरोबर जे कॅल्शियम साठते, ते भिंतीच्या सर्वांत आतल्या थरात असते आणि त्यामुळे धमनीचा मार्ग अरुंद होतो. मधल्या थरातील कॅल्शियमने मार्ग सहसा अरुंद होत नाही. भिंत मात्र ताठ होते. मधल्या थरातील स्नायुपेशी आपले मूळचे आकुंचन-प्रसरणाचे काम सोडून हाड तयार करणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात, हा या प्रक्रियेचा गाभा आहे. रक्तात दीर्घकाळ वाढलेली साखर, साखर चिकटून बदललेली प्रथिने, मूत्रपिंडे कमजोर झाल्याने वाढणारे फॉस्फेट आणि कॅल्शियम साठू न देणाऱ्या नैसर्गिक प्रथिनांची कमतरता या गोष्टी त्या बदलाला चालना देतात. त्यांतल्या एका प्रथिनाला काम करण्यासाठी के जीवनसत्त्व लागते. वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारे औषध के जीवनसत्त्वाचे काम रोखते; ते घेणाऱ्या स्त्रियांत असे कॅल्सिफिकेशन अधिक आढळते, त्यामागे हे कारण सांगितले जाते.

म्हणून त्यांना सांगण्यात आले की गोळी घ्यावी की नाही, हे हाडांची स्थिती आणि आहार पाहून ठरेल. मॅमोग्राफीत दिसलेल्या रेषांमुळे ती बंद करण्याचे कारण नाही.

प्रश्न विचारल्यावर काय निघाले

त्यानंतर फिजिशियनने एक साधा प्रश्न विचारला: ‘साखर शेवटची कधी तपासली होती?’ त्यांना आठवत नव्हते. कुटुंबात मधुमेह आहे का, या प्रश्नावर आईला उतारवयात होता, असे उत्तर आले. धूम्रपान कधीच नाही. पाळी ५१ व्या वर्षी थांबली. तीन अपत्ये, तिघांनाही अंगावर पाजलेले. आणि मग, जवळजवळ सहज म्हणून, एक वाक्य आले: तिसऱ्या खेपेस ‘थोडी साखर वाढली होती’, पथ्य पाळायला सांगितले होते, बाळ ४ किलोंहून अधिक वजनाचे झाले आणि बाळंतपणानंतर ‘सगळे नॉर्मल झाले’.

या प्रकरणातील सर्वांत मोलाची माहिती हीच होती आणि ती मॅमोग्राफीत नव्हती. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका, गरोदरपणात साखर न वाढलेल्या स्त्रीच्या तुलनेत, अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत सात ते दहा पट आढळला आहे. म्हणूनच अशा स्त्रीची साखर प्रसूतीनंतर ४ ते १२ आठवड्यांनी आणि त्यानंतर आयुष्यभर दर १ ते ३ वर्षांनी तपासावी, अशी शिफारस आहे. येथे मधली २७ वर्षे कोरी गेली होती. प्रसूतीची फाइल एका विभागाची, रक्तदाबाची दुसऱ्याची, मॅमोग्राफीची तिसऱ्याची आणि या तिन्ही एका टेबलावर कधी आल्याच नव्हत्या.

तपासण्यांचे निकाल पुढीलप्रमाणे आले. उपाशीपोटी साखर ११८, म्हणजे मधुमेहाच्या १२६ या सीमेच्या आत, पण १०० ते १२५ या मधुमेहपूर्व पट्ट्यात. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी मात्र ६.७ टक्के, म्हणजे ६.५ या सीमेच्या वर. दोन चाचण्यांत असा विसंवाद आला, तर जी चाचणी सीमेच्या वर आहे तीच पुन्हा करायची असते. शिवाय लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सी खोटीच वाढलेली दिसू शकते, म्हणून हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आधी पाहिले. दोन्ही ठीक होते. दुसऱ्या वेळी एचबीए१सी ६.६ आली आणि निदान पक्के झाले. केवळ उपाशीपोटीची साखर पाहिली असती, तर ‘अजून मधुमेह नाही’ असे सांगून त्यांना परत पाठवले गेले असते.

मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, क्रिएटिनिन, ०.९, त्यावरून काढलेला मूत्रपिंडांच्या गाळणक्रियेचा दर ७४. सीरम कॅल्शियम आणि फॉस्फेट सामान्य. ही दोन मूल्ये आणि मूत्रपिंडांचे काम पाहणे आवश्यक होते, कारण मूत्रपिंडांच्या जुनाट आजारात स्तनांच्या धमन्यांत असेच कॅल्शियम साठते आणि तो आजार सुरुवातीला गुपचूप चालतो. लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर ४६ आले; ३० च्या आतले सामान्य धरतात. एलडीएल, म्हणजे घातक मानले जाणारे कोलेस्टेरॉल, १३८. रक्तदाब १४६/८८, आणि घरी आठवडाभर घेतलेल्या नोंदींची सरासरीही १३५/८५ च्या वरच. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा नव्हत्या. पायांच्या नाड्या चांगल्या लागत होत्या, संवेदना शाबूत होती.

पायांबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण मधल्या थरातील कॅल्शियम डॉक्टरांनाही कसे चकवते हे तेथे उत्तम दिसते. पायांच्या धमन्यांत अडथळा आहे का, हे पाहण्यासाठी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर काढतात, ०.९ किंवा त्याहून कमी आले, तर अडथळा धरतात. परंतु धमनीची भिंत कॅल्शियमने ताठ झाली असेल, तर रक्तदाबाच्या पट्ट्याने ती दाबलीच जात नाही आणि गुणोत्तर १.४ च्या वर जाते, किंवा अडथळा असूनही आकडा सामान्य दिसतो. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांत हे विशेषकरून घडते. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा लागतो, कारण तेथील बारीक धमन्यांवर या प्रक्रियेचा परिणाम कमी झालेला असतो.

रेषांवरून मधुमेह ओळखता येतो का

स्तनांच्या धमन्यांतील कॅल्शियमचा मधुमेहाशी संबंध असल्याची चर्चा जुनी आहे. बॉम आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात तो मांडला आणि त्यानंतर, मॅमोग्राफी हा मधुमेह शोधण्याचा अनायासे मिळालेला मार्ग ठरेल का, असा प्रश्न वारंवार पुढे आला. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हा संबंध दिसला नाही. काहींत तो वयाचा हिशेब केल्यावर फिका पडला. २०१५ मध्ये हेन्ड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात तपासणीला आलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १२.७ टक्के जणींत असे कॅल्शियम आढळले. मधुमेह असलेल्या स्त्रियांत ते असण्याची शक्यता (संख्याशास्त्रातील ऑड्स, म्हणजे ते असणाऱ्या आणि नसणाऱ्या स्त्रियांच्या संख्यांचे गुणोत्तर) मधुमेह नसलेल्यांच्या सुमारे १.९ पट होती. पण त्याच विश्लेषणात वयाच्या प्रत्येक १० वर्षांमागे ती सुमारे ३ पट वाढत होती आणि अपत्ये झालेल्या स्त्रियांत, न झालेल्यांच्या तुलनेत, सुमारे ३.४ पट होती. म्हणजे वय आणि बाळंतपण यांच्यापुढे मधुमेहाचा वाटा लहान आहे.

हे आकडे आमच्या रुग्णाला लावून पाहिले, तर चित्र स्पष्ट होते. ५८ वर्षे वय आणि तीन बाळंतपणे एवढ्यावरच त्यांच्या मॅमोग्राफीतील रेषांचे स्पष्टीकरण बऱ्यापैकी होऊ शकते. समजा, अशा रेषा नसलेल्या १०० स्त्रियांपैकी १० जणींना मधुमेह आहे, तर १.९ पट ऑड्सच्या हिशेबाने रेषा असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे १७ जणींना तो असेल. उरलेल्या ८३ जणींना नसेल. ‘तुमच्या मॅमोग्राफीवरून तुम्हाला मधुमेह आहे असे दिसते’ हे वाक्य त्यामुळे कोणत्याही स्त्रीला म्हणता येत नाही, आणि या रुग्णालाही तसे म्हटले गेले नाही. म्हणता येते ते एवढेच, की राहून गेलेली साखरेची तपासणी करून घेण्यास हे एक आणखी कारण आहे.

याच विश्लेषणात आणखी एक विचित्र गोष्ट आहे. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत स्तनांच्या धमन्यांतील कॅल्शियम कमी आढळले, ऑड्स जवळपास निम्मे. रक्तदाब, स्थूलपणा, कोलेस्टेरॉल यांच्याशी ठळक संबंध दिसला नाही. धूम्रपानाने हृदयाच्या धमन्यांचे काय होते, याविषयी वादच नाही. तरीही स्तनांच्या धमन्या स्वच्छ दिसू शकतात. म्हणून रेषा नसणे हे धमन्या निरोगी असल्याचे प्रमाणपत्र मानणे माझ्या मते रेषांना घाबरण्यापेक्षा अधिक घातक आहे.

मग या रेषांना हृदयाच्या दृष्टीने अर्थ आहे का? आहे. कॅलिफोर्नियातील मिनर्व्हा या अभ्यासात ६० ते ७९ वयाच्या ५,०५९ स्त्रियांचा सरासरी सुमारे साडेसहा वर्षे पाठपुरावा करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे २६ टक्के स्त्रियांत स्तनांच्या धमन्यांत कॅल्शियम होते आणि ते असलेल्यांत, इतर धोके हिशेबात घेऊनही, हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांसारख्या घटनांचे प्रमाण ५१ टक्क्यांनी अधिक होते. कॅल्शियम जितके जास्त तितका या घटनांचा धोका पायरीपायरीने वाढतो, असे मात्र तेथे दिसले नाही, त्यामुळे रेषा किती लांब आणि किती ठळक आहेत यावरून रुग्णाला अधिक किंवा कमी घाबरवण्यास आधार नाही. कॅनडातील स्तनचित्रण तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये ही नोंद अहवालात करावी अशी भूमिका घेतली. ती मला योग्य वाटते. मात्र नोंद कोणी वाचायची आणि तिच्यावर पुढे काय करायचे, याची एक ओळ सोबत नसेल, तर त्या नोंदीतून भीती आणि बंद केलेल्या गोळ्या यांपलीकडे फारसे काही निघत नाही.

काय केले, काय केले नाही

हृदयाच्या धमन्यांतील कॅल्शियम मोजण्यासाठी सीटी स्कॅन करावा का, असा प्रश्न रुग्णाच्या मुलीने विचारला. वैद्यकीयदृष्ट्या तो रास्त होता. उत्तर नकारार्थी दिले गेले, कारण ४० ते ७५ या वयोगटातील मधुमेहींना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध, द्यायचेच असते आणि येथे रक्तदाब, एलडीएल व लघवीतील अल्ब्युमिन अशी आणखी तीन कारणे होती. स्कॅनचा आकडा शून्य आला असता तरी उपचार बदलले नसते. त्यांची साखर सामान्य निघाली असती आणि हृदयविकाराच्या धोक्याचे गणित मध्यम पट्ट्यात अडले असते, तर तोच स्कॅन उपयोगी ठरला असता; तेव्हा स्टॅटिन सुरू करावे की थांबावे, हा निर्णय खरोखर त्यावर अवलंबून राहिला असता. ॲस्पिरिन दिले नाही. हृदयविकाराची घटना झालेली नसताना केवळ या रेषांसाठी ते देण्यास आधार नाही आणि रक्तस्रावाचा धोका खरा आहे.

साखरेसाठी मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि अधिक मात्रेचे ॲटोर्वास्टॅटिन हे स्टॅटिन सुरू केले. एलडीएल ७० च्या खाली आणणे हे उद्दिष्ट ठरवले. आहार आणि चालणे यांविषयी सविस्तर बोलणे झाले. तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.१, एलडीएल ६६, घरचा रक्तदाब सरासरी १२६/७८. लघवीतील गुणोत्तर पुन्हा तपासले, ते ३८ आले, सीमेच्या वरच; म्हणजे पहिला निकाल योगायोगाचा नव्हता. मूत्रपिंडांवर मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा परिणाम सुरू झालेला होता. हा परिणाम काही आठवड्यांत होत नाही. निदान नवे असले तरी आजार जुना होता, याची खूण मॅमोग्राफीपेक्षा येथे अधिक खात्रीची होती, आणि मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी पुढे एसजीएलटी२ गटातील (साखर लघवीवाटे बाहेर टाकणारे) औषध जोडण्याचा निर्णय त्यावरूनच झाला.

त्या भेटीत त्यांनी विचारले, साखर खाली आली, मग त्या रेषा आता पुसल्या जातील का? नाही. साठलेले हे कॅल्शियम विरघळवणारा सिद्ध उपचार आज उपलब्ध नाही आणि उपचार लागू पडतो आहे की नाही, हे त्या रेषांवरून मोजायचेही नसते; ते एचबीए१सी, रक्तदाब, एलडीएल आणि लघवीतील अल्ब्युमिन यांवरून कळते. धमन्यांसाठी वेगळी मॅमोग्राफी करण्याची गरज नाही, हे त्यांच्या कागदावर लिहून दिले. पुढची मॅमोग्राफी ठरलेल्या वेळी, कर्करोगाच्या तपासणीसाठी. मुलीला दोन अपत्ये आहेत. दुसऱ्या गरोदरपणात साखरेची चाचणी झाली होती का आणि तिचा निकाल काय आला होता, हे तिने घरी जाऊन जुन्या फाइलीत शोधायचे ठरवले.